पानावरून झाड ओळखायचं म्हणजे: निर्गुडी, अंबाडी आणि गांजा

जुलैमधली गोष्ट. माउलींची पालखी पंढरपूरच्या वाटेला लागली की आळंदी थोडे दिवस रिकामी रिकामी वाटते. मी खोलीवर बसून थिसिसचं तिसरं प्रकरण लिहीत होते (म्हणजे लिहीत असल्याचं स्वतःला सांगत होते). तेवढ्यात मावसभावाचा मेसेज आला. "ताई, हे गांजाचं झाड आहे का? लवकर सांग." सोबत एक फोटो. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरलेलं एकच पान, हाताच्या पंजासारखं, पाच बोटांचं.

मावशीच्या मरकळ रोडला चार खोल्या आहेत, भाड्याने दिलेल्या. चाकणच्या कंपन्यांमध्ये कामाला जाणारी बाहेरगावची मुलं राहतात तिथे. मागच्या बाजूला, शेवटच्या खोलीच्या खिडकीखाली एक झुडूप वाढलं होतं. कुणीतरी त्याचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला, खाली "त्या पोराने लावलंय" असं लिहिलं, आणि संध्याकाळपर्यंत "पोलिसांना कळवा" इथपर्यंत गोष्ट गेली होती.

मी भावाला तीन गोष्टी विचारल्या. पान उलटं करून फोटो पाठव. फांदीवर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, ते बघ. आणि पान चुरगळून वास घे. पानाची खालची बाजू पांढुरकी निघाली, पानं समोरासमोर होती, बोटांच्या कडा सरळ होत्या आणि वास "आजीच्या शेकाच्या पाल्यासारखा" होता. म्हणजे निर्गुडी. बांधावर, ओढ्याकाठी, इंद्रायणीच्या कडेला कुठेही दिसते ती. मी तसं कळवलं आणि पुन्हा लिहायला बसले, पण लिहिणं काही झालं नाही.

कारण माझा विषयच हा आहे. एमएस्सी वनस्पतिशास्त्रात केली आणि पीएचडीसाठी पानांच्या वर्णनाचा इतिहास घेतला. पानाच्या आकाराला शब्द कुणी दिले, ती चित्रं कुणी काढली, आणि त्या शब्दांवरून झाडं ओळखायची पद्धत कशी पडली, असं साधारण. घरी समजावून सांगताना नेहमी अडचण होते. "पानांचा कसला इतिहास?" असं बाबा अजून विचारतात. तर हा लेख त्यांच्यासाठी. आणि मावशीच्या गल्लीसाठीही.

आधी थोडं शास्त्र. गांजाच्या झाडाचं पान हस्ताकृती संयुक्त असतं. म्हणजे जी 'बोटं' दिसतात ती प्रत्येकी एक पर्णिका, आणि सगळ्या पर्णिका देठाच्या टोकाशी एकाच ठिकाणी जुळतात. पर्णिकेची कडा करवतीसारखी दातेरी, आणि बाजूची प्रत्येक शीर थेट दात्याच्या टोकापर्यंत जाते. एवढं लक्षात ठेवलं तरी निर्गुडी बाजूला काढता येते. अर्थात निसर्गाला आपली सोय बघायची नसते. निर्गुडीच्याच एका पूर्व आशियाई प्रकाराच्या पानांना दाते असतात, आणि त्याचं शास्त्रीय नावच 'कॅनाबिफोलिया', म्हणजे गांजाच्या पानाचं, असं ठेवलं गेलं.

असंच नाव आपल्या स्वयंपाकघरातही आहे. अंबाडी! एका अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. लिनियसने १७५९ मध्ये ठेवलं, आणि कॅनाबिनस म्हणजे गांजासारखं. वरची पानं खोल कापलेली, कडा दातेरी, लांबून बघितलं तर फसायला होतं. जवळून बघा: अंबाडीचं पान कितीही कापलेलं असलं तरी बुडाशी एकसंध असतं, वेगळ्या पर्णिका नसतात. आणि त्याच झाडाची खालची पानं अजिबात कापलेली नसतात, चक्क बदामाच्या आकाराची असतात. एका झाडावर दोन आकार. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

अंबाडीला इंग्रजांच्या व्यापारी भाषेत 'डेक्कन हेम्प' किंवा 'बॉम्बे हेम्प' म्हणायचे. हेम्प म्हणजे खरं तर गांजाच्याच झाडाची, पण दोरासाठी वाढवलेली जात. युरोपात जहाजांचे दोर आणि शिडं तिच्यापासून बनत. आपल्याकडे दोर, कासरे, मोटेचे नाडे हे सगळं अंबाडीचं नाही तर तागाचं. त्यामुळे कंपनी सरकारच्या काळापासून कागदोपत्री 'हेम्प' म्हटलं की ताग, अंबाडी आणि गांजा यांतलं नेमकं काय, हे वाक्याच्या पुढच्या-मागच्या संदर्भावरून ठरवावं लागतं. जुने रिपोर्ट वाचताना माझे कित्येक दिवस यात गेलेत.

आता इतिहासाकडे. सुरुवात गोव्यात होते.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि तिथेच राहिला. १५६३ मध्ये त्याचं हिंदुस्थानातल्या औषधांवरचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. ते संवादरूपात आहे: ओर्ता स्वतः, आणि रुआनो नावाचा कल्पित पाहुणा. भांगेवरच्या प्रकरणात रुआनो झाड बघून विचारतो, की हे आपल्याकडचं हेम्पच ना? ओर्ता नाही म्हणतो. त्याची कारणं बघा: इथलं बी लहान आणि तितकं पांढरं नाही, आणि आपल्याकडच्या झाडाला जशी भरपूर साल असते तशी याला नाही. म्हणजे युरोपी माणसाने हिंदुस्थानी गांजा आणि युरोपी हेम्प यांत फरक केला तो बियांवरून आणि सालीवरून. पान त्याने पुरावा म्हणून धरलंच नाही. ज्याला दोर वळायचा आहे आणि ज्याला औषध करायचं आहे, त्यांनी जे बघावं तेच त्याने बघितलं.

पानाला पुरावा म्हणून मान मिळाला तो अठराव्या शतकात, आणि ही गोष्ट आळंदीतूनच सांगायला मला आवडते. समाधी मंदिरातला अजानवृक्ष तुम्ही बघितला असेल. त्याच्याखाली ज्ञानेश्वरी वाचत बसलेले लोक असतात. अजान म्हणजे अज्ञात, कुणाला न कळलेला. वनस्पतिशास्त्रात मात्र त्याला नाव आहे: एरेशिया लीविस. यातलं 'एरेशिया' आलं गेऑर्ग डिओनिसियस एरेट या जर्मन चित्रकारावरून. माळ्याचा मुलगा, स्वतःही माळीकाम करणारा. लिनियसने फुलांतल्या पुंकेसरांची संख्या आणि मांडणी बघून वनस्पतींचे चोवीस वर्ग केले, त्यांचा चित्रतक्ता १७३६ मध्ये याच एरेटने काढला. त्यानंतर लिनियसने हॉलंडमधल्या एका श्रीमंत बँकरच्या बागेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातली बरीच चित्रंही एरेटची. त्या ग्रंथात पानांच्या आकारांचे तक्ते आहेत: साधी पानं, संयुक्त पानं, प्रत्येकाला आकडा आणि लॅटिन शब्द. मी पहिल्यांदा ते तक्ते स्क्रीनवर उघडले तेव्हा आमच्या अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातलं पानच समोर आल्यासारखं वाटलं. जवळजवळ तीनशे वर्षं आपण तेच आकार गिरवतोय.

तर लिनियसने १७५३ मध्ये गांजा आणि हेम्प दोन्ही एकाच नावाखाली घातले: कॅनाबिस सटायव्हा. सटायव्हा म्हणजे लागवडीची.

मग १७८५ मध्ये फ्रान्सचा लामार्क आला. (तोच, जिराफाच्या मानेवाला. उत्क्रांतीबद्दल लिहायच्या कितीतरी आधी तो वनस्पतिशास्त्रज्ञ होता.) सोनेरा नावाच्या प्रवाशाने हिंदुस्थानातून आणलेले वाळवलेले नमुने त्याच्यासमोर होते. त्याने ठरवलं की ही वेगळी स्पीशीज आहे, आणि नाव दिलं कॅनाबिस इंडिका. त्याने दिलेली लक्षणं: खोड जास्त टणक, साल पातळ म्हणून दोराला निरुपयोगी, पर्णिका अरुंद, आणि पानं कायम एकाआड एक. शिवाय नशेचा गुण.

साल आणि खोड म्हणजे ओर्ताचंच निरीक्षण. पान नवीन. आणि त्या पानाच्या लक्षणात एक गोम आहे. गांजाच्या कुठल्याही झाडाची खालची पानं समोरासमोर असतात आणि फुलोऱ्याकडे जाताना ती एकाआड एक होतात. जात कुठलीही असो. मग लामार्कला 'कायम एकाआड एक' का दिसली? माझा अंदाज असा की त्याच्याकडे पोचले असतील ते झाडाचे शेंडे. कागदात दाबून जहाजातून पाठवायला कुणी बुंधा कशाला पाठवेल? झाडाच्या वरच्या हातभर भागावरून त्याने पूर्ण झाडाचा नियम केला असावा. हा अंदाज आहे, सिद्ध केलेलं नाही. सरांनी या वाक्याशेजारी लाल पेनने प्रश्नचिन्ह काढलंय आणि ते तिथेच राहू द्या म्हणालेत.

पण लामार्कचा 'अरुंद' हा शब्द विसरू नका. इंडिका म्हणजे अरुंद पर्णिकांची.

यानंतर शंभरेक वर्षांनी गांजाच्या झाडाकडे सर्वांत बारकाईने कुणी बघितलं असेल तर सरकारने. २ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश संसदेत डब्ल्यू. एस. केन या दारूबंदीवादी सदस्याने प्रश्न विचारला आणि त्यातून इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं गेलं. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. एकूण सात सदस्य, त्यांतले तीन हिंदी. ११९३ साक्षीदार, सात जाडजूड खंड, १८९४ चा अहवाल. निष्कर्ष असा की माफक वापराने फारसं नुकसान दिसत नाही, पूर्ण बंदी नको, नियंत्रण आणि कर ठेवा. नीतीपेक्षा महसुलाचं गणित त्यात किती होतं यावर वेगळा लेख होईल.

आपल्या कामाचं आहे ते लागवडीचं वर्णन. मुंबई इलाख्यात गांजा पिकायचा मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, आणि काही साताऱ्याकडे. सरहद्दीपलीकडे निमाडात खांडव्याला सरकारी गोदाम होतं. बंगालमध्ये लागवड नौगावच्या आसपास. सगळीकडे एक काम सारखं: नर झाडं उपटायची. गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. परागण झालं की झाड बी धरायला लागतं आणि राळ कमी होते. म्हणून परागकण सुटायच्या आत नर शेताबाहेर गेला पाहिजे. बंगालमध्ये यासाठी खास माणूस बोलावत, त्याला पोद्दार किंवा परखदार म्हणत. तो शेतातून चालत जायचा आणि चालता चालता नर झाडं कापत जायचा. जुन्या इंग्रजी कागदांत त्याला 'गांजा डॉक्टर' म्हटलंय.

हा परखदार मला फार आवडतो. कारण माझ्या सगळ्या विषयावर तो एक टीप आहे. नर-मादी पानावरून ओळखता येत नाही. पान दोघांचंही सारखंच. नर साधारण उंच आणि शेलाटा असतो, पण खात्री करायची तर पेरावर, देठाच्या बगलेत बारीक कळ्या येतात त्या बघाव्या लागतात. नराच्या कळ्या मिटलेल्या मुठीसारख्या, मादीच्या टोकातून दोन पांढरे केस बाहेर आलेले. म्हणजे ज्या माणसाची रोजी ओळखण्यावर होती, तो पानाकडे बघतच नव्हता. पानाच्या बगलेत बघत होता.

नावांचा घोळ तर विचारू नका. बी देणारं झाड भरदार, म्हणून लोक त्याला 'नर' समजायचे असं अनेक ठिकाणी दिसतं. यात फक्त आपल्याकडची माणसं चुकली असं मात्र कुणी समजू नये. जुन्या इंग्रजीतही बी देणाऱ्या मादी झाडाला 'कार्ल हेम्प' म्हणजे पुरुष हेम्प म्हणत, आणि खऱ्या नराला 'फिंबल' म्हणजे बाई.

एक प्रश्न राहतो: नर सगळे उपटले तर पुढच्या वर्षीचं बी कुठून? एखादा नर सुटायचाच, एखाद्या मादी झाडावरच चार नरफुलं यायची, आणि त्यातून जे थोडंसं बी धरलं जाई तेच पेरायला. म्हणजे निवड आईवरून व्हायची. चांगल्या शेंड्याच्या झाडाचं बी ठेवायचं, बाप कोण ते नशिबावर. पानाच्या आकाराने बी निवडायचं काही कारणच नव्हतं, कारण पान विकायचं नव्हतं. दख्खनच्या, किंबहुना सगळ्या मैदानी हिंदुस्थानच्या या गांजाची पर्णिका अरुंदच राहिली, लामार्कने लिहिली तशी.

मग आजच्या जगात 'इंडिका' म्हटलं की रुंद पानं कशी काय डोळ्यांसमोर येतात?

त्यासाठी १९७० च्या दशकात अमेरिकेत जावं लागतं. तिथले कायदे 'कॅनाबिस सटायव्हा' असं स्पीशीजचं नाव घेऊन लिहिलेले होते. वकिलांनी ते बरोबर पकडलं. माझ्या अशिलाकडे सापडलं ते सटायव्हाच कशावरून? इंडिका असेल! न्यायालयांत वनस्पतिशास्त्रज्ञ साक्षीला उभे राहू लागले. एका बाजूला हार्वर्डचे रिचर्ड शुल्टेस, जे म्हणत स्पीशीज एकाहून जास्त आहेत. दुसऱ्या बाजूला कॅनडाचे अर्नेस्ट स्मॉल, जे म्हणत एकच. एखादा माणूस तुरुंगात जाणार की नाही हे लिनियस बरोबर की लामार्क बरोबर यावर येऊन थांबलेलं! बहुतेक न्यायालयांनी हा युक्तिवाद शेवटी फेटाळला. पण वादाने शास्त्राला काम लावलं.

शुल्टेस १९७१ मध्ये अफगाणिस्तानात गेले. तिथली चरसासाठी वाढवलेली झाडं त्यांनी बघितली: बुटकी, दाट, आणि रुंद पर्णिकांची. १९७४ च्या लेखात त्यांनी ती लामार्कच्या इंडिकेत घातली. लामार्कचं इंडिका हिंदुस्थानातलं, अरुंद पानांचं. पण नाव चिकटलं ते अफगाणी रुंद पानाला. १९८० मध्ये लोरन अँडरसन यांनी तिन्ही प्रकार (तिसरा रुडरालिस, रशियातला) एकाच बागेत वाढवून पानांची मापं घेतली. त्या काळातली ती तीन झाडांची आणि तीन पानांची बाह्यरेखा-चित्रं मासिकांत, पोस्टरवर, पुढे इंटरनेटवर सगळीकडे गेली. आज ॲमस्टरडॅमच्या दुकानात रुंद पान म्हणजे इंडिका आणि अरुंद पान म्हणजे सटायव्हा.

म्हणजे नगरच्या शेतकऱ्याचं १८९३ मधलं झाड लामार्कच्या हिशोबाने इंडिका, आणि आजच्या दुकानदाराच्या हिशोबाने सटायव्हा. झाड तेच. पानही तेच.

आता ब्रीडिंगचं. दुकानातली समजूत अशी की रुंद पान बघून झाड निवडलं की त्याचा गुण कळतो. सुरुवातीला यात थोडं तथ्य असेलही, कारण अफगाणी झाडं आणि दक्षिण आशियाई झाडं खरोखरच वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या कामासाठी वाढली होती. पण गेली चाळीस-पन्नास वर्षं त्यांचा संकर चाललाय. आणि संकरात गुण गठ्ठ्याने जात नाहीत. २००३ मध्ये एका डच संशोधकाच्या गटाने दाखवलं की झाडात टीएचसी जास्त येणार की सीबीडी, हे मुख्यतः जनुकांच्या एका जागेवरून ठरतं. पानाची रुंदी मात्र अनेक जनुकांची मिळून. हे दोन्ही हात धरून चालतातच असं नाही. रुंद आणि अरुंद यांच्या नातवंडांत पान आजोबांचं आणि रसायन आजीचं, असं सर्रास होतं. घरात नाक बाबांचं आणि आवाज आईचा असतो तसंच की.

२०१५ मध्ये कॅनडात ८१ गांजाच्या आणि ४३ हेम्पच्या नमुन्यांचे डीएनए तपासले. गांजा आणि हेम्प हे गट बऱ्यापैकी वेगळे निघाले. पण पाकिटावरचं 'सटायव्हा' किंवा 'इंडिका' हे नाव आणि आतली वंशावळ यांचा मेळ कमीच बसला. ब्रीडरांनी पानाची आणखी एक गंमत केली आहे. 'डक्सफूट' नावाच्या वाणात पर्णिका एकमेकींना चिकटलेल्या असतात, बदकाच्या पंजासारख्या. कशासाठी? ओळखू येऊ नये म्हणून! पानावरून झाड ओळखतात हे एकदा कळलं की पानच बदलायचं.

मग पानाला काही अर्थच नाही का? आहे, आणि २०२४ मधला एक पेपर मला त्यासाठी महत्त्वाचा वाटतो. बार्सिलोना आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी न्यू फायटॉलॉजिस्टमध्ये छापलेला. गांजाच्या पानांची तुलना करायची अडचण अशी की रोपाच्या पहिल्या खऱ्या पानाला एकच पर्णिका असते, मग तीन, मग पाच, सात, नऊ, कधी अकरा, आणि फुलोऱ्याकडे पुन्हा कमी होत होत एकावर. पाच बोटांचं पान नऊ बोटांच्या पानाशी बिंदूला बिंदू जोडून कसं मोजणार? त्यांनी युक्ती केली. प्रत्येक पानात मधल्या पर्णिकेपासून कडेच्या पर्णिकेपर्यंत आकार आणि कोन कसा बदलतो त्याचं गणिती सूत्र काढलं, आणि त्या सूत्रावरून प्रत्येक पानाचं नऊ पर्णिकांचं काल्पनिक पान बनवलं. आता सगळी पानं एका मापात आली. त्यावरून झाड कुठल्या वाणाचं आणि पान खोडाच्या कितव्या पेरावरचं, दोन्ही गोष्टी चांगल्या अचूकतेने सांगता आल्या.

'कितव्या पेरावरचं' हे शब्द मी त्या पेपरच्या प्रिंटवर दोनदा अधोरेखित केलेत. अंबाडीची बदामी पानं आठवा. लामार्कचे शेंडे आठवा. आकारात दोन गोष्टी एकत्र बोलत असतात, वंश आणि वय. पेर माहीत नसेल तर कुठली गोष्ट कुणाची ते कळत नाही. आणि मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोत पेर कधीच नसतं. नुसतं पान असतं, चिमटीत धरलेलं.

आपल्या कायद्याने, बरं का, हा वाद सोयीस्करपणे टाळला. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात 'कॅनाबिस झाड' म्हणजे कॅनाबिस या जीनसमधलं कुठलंही झाड. जीनस म्हणजे स्पीशीजच्या वरची पायरी. इंडिका की सटायव्हा, प्रश्नच मिटला. पण पान मात्र कायद्यात दुसऱ्या दाराने आलं. गांजाची व्याख्या अशी: फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे; बिया आणि पानं त्यात नाहीत, जर ती शेंड्यांसोबत नसतील तर. ही शब्दरचना १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेली, आणि भांग, गांजा, चरस ही तीन खणांची मांडणी १८९४ च्या अहवालातही आहे. भांग म्हणजे पान, गांजा म्हणजे शेंडा, चरस म्हणजे राळ.

कागदावर हे स्वच्छ दिसतं. पण कुणी अख्खं झाड उपटून पोत्यात भरलं तर पानं शेंड्यांसोबत आहेत की नाहीत? वजन कशाचं करायचं? एक किलोपर्यंत अल्प प्रमाण आणि वीस किलोच्या वर व्यापारी प्रमाण, ज्याला किमान दहा वर्षं सक्तमजुरी. पानं धरली की न धरली यावर माणसाच्या आयुष्यातली वर्षं ठरतात, आणि न्यायालयांत यावर वाद होत आले आहेत. शिवाय महाराष्ट्रात नुसतं पान म्हणून सुटका आहे असंही नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यात भांगही येते.

प्रयोगशाळा काय बघते? बाह्यरेखा नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पानाच्या वरच्या बाजूला अस्वलाच्या नखासारखे आखूड वाकडे केस दिसतात, त्यांच्या बुडाशी चुन्याचा खडा असतो. खालच्या बाजूला लांब बारीक केस आणि राळेच्या ग्रंथी. वाकडे केस इतरही काही झाडांत सापडतात, म्हणून दोन्ही बाजू बघतात आणि वर रासायनिक चाचणी करतात. म्हणजे शास्त्र कुठल्याही एका खुणेवर थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मरकळ रोडला गेले. झुडूप चांगलं कमरेएवढं होतं, खोड लाकडी, टोकाला जांभळ्या फुलांचे तुरे यायला लागलेले. मावशी म्हणाली, अगं हे तर मीच लावलंय, दोन पावसाळ्यांमागे, नर्सरीवाल्याने फुकट दिलं होतं, विसरूनच गेले. खोलीतला मुलगा मात्र नव्हता. ग्रुपवरचे मेसेज त्याच्याही मोबाइलवर गेले होते. तो रात्रीच मित्राकडे चाकणला निघून गेला, बॅग न्यायला आठवड्याने आला, आणि डिपॉझिट मागितलं नाही. मावशीने ते भावाच्या हातून पाठवलं. खोली अजून रिकामी आहे.

मी तिथून निर्गुडीची एक फांदी आणली, सगळी पानं पेराप्रमाणे नंबर टाकून. खालची तीन पर्णिकांची, वरची पाच. स्कॅन करून ठेवलीत. पुढच्या लेखात दापोडीबद्दल लिहीन. आज जिथून मेट्रो जाते त्या भागात १८२८ पासून सरकारी वनस्पती उद्यान होतं, आणि १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराने तिथे झाडांची १७२ चित्रं काढली. ती आता एडिनबरोला आहेत. चित्रकाराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.